हजर राहण्याचा हुकूम द्या, हात जोडण्याचा नको

मा. लष्करप्रमुख,
भारतीय सेना, नवी दिल्ली
यांस खुले पत्र

साहेब, जय हिंद.

मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. २८ वर्षांची नोकरी. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात रंगरूट म्हणून गेलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, पेन्शनवर आलो तेव्हा थोरली मुलगी कॉलेजात होती. घर सातारा जिल्ह्यात, फलटणच्या बाजूला. माउलींची पालखी आमच्या शिवारापासून हाकेच्या अंतरावरून जाते. गळ्यात तुळशीची माळ आहे, वडिलांच्याही होती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की याचा देवावर विश्वास नाही किंवा पलटणीच्या रीतीभातींची याला किंमत नाही. तसं नाही. देवही मानतो आणि पलटणही.

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका ख्रिस्ती लेफ्टनंटच्या बडतर्फीत हस्तक्षेप करायला नकार दिला, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. २०१७ साली रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालेला हा अधिकारी. हाताखाली शीख जवान. रेजिमेंटमध्ये मंदिर होतं, गुरुद्वारा होता, दर आठवड्याला धार्मिक परेड व्हायची. परेडला मी जवानांबरोबर येतो, बूट काढून अंगणात उभा राहतो, पण गाभाऱ्यात जाऊन पूजा करणार नाही, माझा धर्म त्याला मुभा देत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. वरिष्ठांनी समजावलं, त्याच्याच धर्माच्या पाद्रींकरवी समजावलं. तो बधला नाही. मार्च २०२१ मध्ये पेन्शन आणि ग्रॅच्युइटीशिवाय त्याला घरी पाठवलं. ही बाब धर्मस्वातंत्र्याची नसून वरिष्ठाच्या कायदेशीर हुकमाची आहे, असं म्हणत दिल्ली उच्च न्यायालयानं ३० मे २०२५ ला बडतर्फी कायम केली. अधिकाऱ्यानं आपल्याच जवानांच्या भावनांचा मान राखला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचंही मत पडलं.

निकाल मी मान्य करतो. घटनेच्या कलम ३३ नं संसदेला अधिकार दिलाय की फौजेतल्या माणसाचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी आखडते घेता येतील. १९५० चा आर्मी ॲक्ट काय म्हणतो हे आम्हाला रंगरूट असताना उस्तादांनी दंडबैठका काढायला लावून पाठ करून घेतलंय. हुकूम मोडला की शिक्षा. त्यात वाद नाही.

पण कोर्टापुढे प्रश्न होता तो हुकूम कायद्यात बसतो का एवढाच. असा हुकूम द्यायची गरज होती का, हे कोर्ट विचारत नाही आणि त्यानं विचारूही नये. ते विचारायचं काम तुमचं आहे, साहेब. जे जे कायद्यात बसतं ते सगळं चांगला कमांडर करत नाही, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता.

कसम परेडचा दिवस डोळ्यांपुढे आणा. मैदानात टेबलं मांडलेली, त्यावर पांढऱ्या चादरी. पंडितजींपुढे गीता, ग्रंथी साहेबांपुढे गुरु ग्रंथसाहिब, मौलवी साहेबांपुढे कुराण, पाद्री साहेबांपुढे बायबल. तिरंगा मधोमध. रंगरूट आपापल्या ग्रंथासमोर जातात आणि गरज पडली तर प्राण देईन असं कबूल करतात. शपथेचा मसुदा नीट वाचला तर त्यात दोन वाटा दिसतात. ईश्वराची शपथ घ्या, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. म्हणजे ज्याचा कुठल्याच देवावर विश्वास नाही, त्याच्यासाठीही कायद्यानं जागा ठेवलीय. माणसाचा जीव मागून घेतानाही आपली फौज त्याला दुसऱ्याच्या देवापुढे उभं करत नाही. मग नंतर रविवारच्या परेडला असं काय बदलतं?

लंगरचं, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचं, तेच. मी माळकरी, उभ्या नोकरीत मांसाला शिवलो नाही. फौजेनं मला कधी विचारलं नाही की तू लढणार कसा. न खाणाऱ्याचं राशन वेगळं, त्याचा हिशेब वेगळा. हलाल आणि झटका हा भेदसुद्धा लंगरात सांभाळला जातो. उणे तापमानात रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करणारा लांगरी माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवायचा. त्यानं एकजूट मोडली नाही, उलट त्या पातेल्यामुळे मी त्या लांगऱ्याचा जन्माचा ऋणी आहे.

आता जे लिहितोय ते आजवर घरातही पूर्ण सांगितलेलं नाही.

मी हवालदार होतो, एका तोफेचा नंबर वन, म्हणजे तिच्यावरच्या माणसांचा प्रमुख. माझ्या तोफेवर वर्धेकडचा एक पोरगा लेयर होता, म्हणजे नेम जुळवणारा. बोफोर्सवर त्याचा हात असा बसला होता की अधिकारी मुद्दाम त्याचं काम बघायला यायचे. डोंगरात तैनात होतो. गणपतीचे दिवस आले आणि आम्ही मराठी पोरांनी बंकरशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गणपती बसवला. मखर दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांचं, मागे पॅराशूटचं कापड. रोज संध्याकाळी आरतीचं ताट वेगळ्या माणसाच्या हातात द्यायचं असा मीच नेम लावला होता. तिसऱ्या दिवशी त्याचं नाव पुकारलं.

तो रांगेतून पुढे आला, सावधानमध्ये उभा राहिला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, “उस्ताद, मी इथेच उभा राहतो. ताट नको.”

चाळीस माणसं बघत होती. माझा पारा चढला. मी ताट त्याच्या हातात कोंबलं. त्यानं धरलं. आरती सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या, आणि ताट जागचं हललं नाही. तो ओवाळतच नव्हता. रायफल धरावी तसं ताट छातीसमोर घट्ट धरून समोर बघत उभा होता. पितळेचं ताट, त्यात कापूर धडधडून पेटलेला. कापूर त्याच्या अंगठ्याच्या बाजूला सरकला होता, काठ तापलेला असणार. मला ते दिसत होतं. त्यानं ताट खाली ठेवलं नाही, कारण हुकूम होता. आरती संपेपर्यंत मीही ते काढून घेतलं नाही.

रात्री आमच्या सिनिअर जेसीओ (सुभेदार दर्जाचे अधिकारी) साहेबांनी मला बोलावलं. कुमाऊंकडचे ब्राह्मण, बर्फातसुद्धा पहाटेची संध्या न चुकवणारे. मला वाटलं त्या पोराची कानउघाडणी करायला सांगतील. ते म्हणाले, “तूने हुक्म मनवा लिया. पूजा हुई क्या?” मी गप्प. “नहीं हुई. तो गणपति को क्या मिला, और तेरी तोप को क्या मिला, ये सोच के सो जा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पोराला बसवून विचारलं की तू काय मानतोस. त्यानं आपल्या काळ्या पेटीतून एक वही आणली. पहिल्या पानावर २२ प्रतिज्ञा, सुवाच्य अक्षरात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्याचे आजोबा बाबासाहेबांसमोर बसलेल्या लाखोंमध्ये होते. पहिली प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची. तिसरी गौरी-गणपतीची उपासना न करण्याची. आजोबांनी घेतलेली, बापानं पाळलेली. ती मोडायला सांगणारा मी कोण होतो? तेही एका ताटासाठी, आणि खरं सांगायचं तर चाळीस माणसांत माझा शब्द खाली पडू नये यासाठी.

उरलेल्या दिवसांत तो रोज आरतीला आला. पहिल्या रांगेत उभा राहायचा, टाळी वाजवायचा नाही, आरती संपली की प्रसाद वाटायला पुढे. शेडवर दिव्यांची माळ जनरेटरवरून जोडून दिली होती ती त्यानंच, हे मला मागाहून कळलं. पुढच्या बुद्धपौर्णिमेला जेसीओ साहेबांनी रोल कॉलमध्ये सांगितलं की आज लंगरात खीर आहे आणि का आहे. सगळ्या बॅटरीनं, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीनं, खाल्ली. त्यानंतरच्या फायरिंगमध्ये आमच्या तोफेचे गोळे कुठे पडले याची नोंद त्या युनिटच्या कागदांत असेल, मी इथे फुशारकी मारत नाही.

हा एका पोराचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध होते, त्यातले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. या समाजाचं फौजेशी नातं जुनं आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली, तिच्या मागे बाबासाहेबांचा आग्रह होता. तिची युद्धघोषणा ‘बोलो हिंदुस्तान की जय’. आता धर्मगुरूंच्या भरतीकडे बघा. २०२२ च्या जाहिरातीत नायब सुभेदार धर्मगुरूंच्या १२८ जागा होत्या. पंडित १०८, गोरखा पलटणींसाठी पंडित ५, ग्रंथी ८, सुन्नी मौलवी ३, शिया मौलवी १, पाद्री २ आणि बौद्ध भिक्खू १. तो एक भिक्खू महायान पंथाचा आणि लडाख स्काउट्ससाठी. लडाखच्या जवानांना तो मिळालाच पाहिजे. पण विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या पोरानं कुणाकडे बघायचं? मनातलं सांगायला त्याच्याजवळ आपलं असं कुणी नसतं, आणि मग ते सांगण्याची पाळी थेट आरतीच्या रांगेत, हवालदारासमोर येते.

समोरून काय म्हटलं जाईल ते मला पाठ आहे, कारण तेच मी अनेक वर्षं म्हणत आलो. जवान देवाच्या नावानं उठतो. राजपुताना रायफल्सची पोरं राजा रामचंद्राचा जयजयकार करत चढतात, शीख पलटणी ‘बोले सो निहाल’ म्हणत, आमचे मराठे शिवाजी महाराजांचं नाव घेऊन. सियाचीनला जाणारी तुकडी, मग त्यात कुठल्याही धर्माचा माणूस असो, ओपी बाबांपुढे, म्हणजे तिथला रक्षक मानल्या जाणाऱ्या एका जवानाच्या स्थानापुढे, हजेरी देऊन वर चढते आणि खाली उतरल्यावर पुन्हा तिथेच रिपोर्ट करते. मीही दिलीय. हे पुसून टाका असं म्हणणारा माणूस कधी चौकीवर रात्र काढून आलेला नसतो. अधिकाऱ्यानं आपल्या जवानांचा देव ओळखलाच पाहिजे. त्यांच्या सणाची तारीख त्याला पाठ हवी, गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून बसता यायला हवं, त्यांच्या श्रद्धेबद्दल एक वावगा शब्द तोंडून जाता कामा नये. जो अधिकारी परेडला फिरकतच नाही, जवानांना थंडीत उभं करून स्वतः मेसमध्ये चहा पितो, त्याला जरूर शिक्षा करा. त्याच्या बाजूनं मी एक ओळ लिहिणार नाही.

पण जवळ उभं राहणं आणि पूजा करणं यात फरक आहे, आणि तो साध्या शिपायाला कळतो. जवान बघतो की साहेब आपल्याबरोबर आला का, आपल्याबरोबर थांबला का. साहेबानं घंटा वाजवली का हे तो मोजत नाही. आणि मोजत असेल, तर तो धडा आम्ही जेसीओंनीच त्याला दिलेला असतो. उलट मनात नसताना कपाळाला टिळा लावून घेणारा साहेब त्याला लगेच ओळखू येतो. ज्याच्याबरोबर खंदकात रात्री काढायच्या, त्याचा चेहरा वाचायला माणूस आपोआप शिकतो.

१९६५ च्या लढाईतली एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. सियालकोट आघाडीवर १७ पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. धर्मानं पारशी. मी पडलो तर माझा अंत्यविधी इथेच, रणभूमीवर अग्नी देऊन करा, असं त्यांनी आपल्या सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडं आणि फाउंटन पेन मुलाला. १६ सप्टेंबरला ते पडले, आणि पलटणीनं त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना रणभूमीवर अग्नी दिला. पारशी माणसाला अग्नी कसा द्यायचा, धर्माची रीत काय सांगते, ही चर्चा तिथे कुणी केली नाही. त्यांचा धर्म त्यांनी स्वतः समजून घेतलेला, तो तसाच्या तसा पलटणीनं पाळला. परमवीर चक्राच्या मानपत्राइतकाच मला हा भाग मोठा वाटतो. आणि म्हणूनच त्या लेफ्टनंटच्या प्रकरणात ‘तुझ्या धर्मात हे चालतं, आम्ही पाद्रींना विचारलंय’ हा युक्तिवाद मला बोचतो. आमच्या वारकऱ्यांतसुद्धा एकाच दिंडीत दोन माणसांचे नेम सारखे नसतात. कुणाचा निर्जळी उपवास, कुणाला फळ चालतं. उद्या कुणी फडकरी (दिंडीचा प्रमुख) आणून मला सांगेल की बाबा, थोडं मटण चालतं, तर मी खाईन का?

जुन्या इतिहासातलं एकच सांगतो. वेल्लोरला १८०६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांना हुकूम झाला होता की कपाळावर गंध नको, कानात कुडी नको, दाढी कापा, नवी पगडी घाला. हुकूम कायद्यात बसणारच होते, कायदा कंपनीचाच होता. १० जुलैच्या पहाटे शिपायांनी उठाव केला, तो सगळ्या जगानं पाहिला. आज तसली भीती नाही आणि मी ती घालतही नाही. पण शिपायाच्या कपाळाला हात लावताना गोऱ्या फौजेलाही पुढे दहा वेळा विचार करावा लागला, तर आपण आपल्या माणसांबद्दल निदान एकदा करावा.

कुणी विचारेल की मग दाढीचं काय. वायुदलातल्या मुसलमान जवानाच्या दाढीचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या विरोधात दिला. त्याच्याशी माझं भांडण नाही. युनिफॉर्म म्हटला की तो फौज ठरवणार, कुठे सूट द्यायची तेही नियमात लिहिलेलं असणार. आणि माझा मुद्दा तोच आहे. दाढीबद्दल लेखी नियम आहे, म्हणून प्रत्येकाला आपली जागा आधी कळते. पूजेबद्दल तसा स्पष्ट लेखी नियम आम्हाला कधी कुणी वाचून दाखवला नाही. सगळं त्या त्या सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या, स्वभावावर. एक साहेब समजूतदार निघतो आणि वर्धेच्या पोराला बुद्धपौर्णिमेची खीर मिळते. दुसरीकडे तसाच माणूस बडतर्फ होतो.

तर साहेब, मागणं हे आहे. तुमच्या सहीनं एक आदेश निघावा. धार्मिक परेडला हजर राहण्याचा, शिस्तीत उभं राहण्याचा, बूट काढण्याचा, डोकं झाकण्याचा हुकूम देता येईल. ओवाळणं, टिळा लावून घेणं, माथा टेकणं, प्रसाद खाणं, नमाज, अरदास, प्रार्थना, यातल्या कशाचाही हुकूम देता येणार नाही, आणि यातलं काही केलं नाही म्हणून कुणाच्या एसीआरमध्ये (वार्षिक गोपनीय अहवालात) शेरा मारता येणार नाही. हा नियम हिंदूला चर्चमध्ये, ख्रिस्त्याला मंदिरात, मुसलमानाला गुरुद्वाऱ्यात आणि देव न मानणाऱ्याला सगळीकडे सारखाच लागू व्हावा. कुणी मनाला पटत नाही असं सांगितलं, तर शिस्तभंगाचा कागद रंगवण्याआधी ते त्याच्या सीओच्या साखळीबाहेरच्या कुणीतरी ऐकून घ्यावं. धर्मगुरूंना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय एकात्मता संस्था आपल्या पुण्यातच आहे, सर्व धर्मांचे लोक तिथे एका छताखाली शिकतात. हे काम तिच्याकडे दिलं तर नवीन कार्यालय उघडायलाही नको. आणि तरी मार्ग निघाला नाही, तर बडतर्फीच्या आधी बदली. ज्या तुकडीत सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र आहेत, तिथे त्या माणसाला पाठवा. आमच्या तोफखान्यात अशा जागा भरपूर आहेत.

सर्वधर्म स्थळ ही फौजेनं स्वतः काढलेली सुंदर गोष्ट आहे. एका छपराखाली सगळे ग्रंथ. मी जम्मूकडच्या एका चौकीवर ते इतकं लहान पाहिलंय की दोन माणसं बसली की भरतं, आणि तरी त्यात चार फोटो आणि एक बुद्धमूर्ती व्यवस्थित मांडलेली होती. जिथे फक्त एक-दोन धर्मांचीच स्थळं आहेत तिथे हे तेवढं करून द्या. आणि पुढच्या धर्मगुरू भरतीत महाराष्ट्रातल्या बौद्ध जवानांसाठी भिक्खूंच्या जागा काढा. दोन काढा, पण काढा.

वर्धेचा तो लेयर आता पेन्शनवर आहे, शेती करतो. पत्र लिहायला घेण्यापूर्वी मी त्याला फोन केला. ताटाबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा माफी मागितली. तो म्हणाला, “उस्ताद, ते राहू द्या. पत्रात माझं नाव मात्र घालू नका, माझा पोरगा यंदा भरतीला जातोय.”

या पत्राची एक प्रत पुण्याच्या संस्थेलाही टपालानं पाठवत आहे.

जय हिंद, साहेब.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, भारतीय तोफखाना
जि. सातारा